लायलच्या खिशातलं कार्ड

शवपेटीतल्या नवऱ्याची, लायलची, कॉलर सारखी करायला वर्ना वाकली आणि तशीच थबकली. त्याच्या कोटाच्या वरच्या खिशात काहीतरी चकाकत होतं.

“हे आमचं कार्ड नाही,” ती म्हणाली.

अंत्यदर्शनाला आलेली पोलीस डेप्युटी नदीन पुढे झाली. कार्ड लायलचंच होतं, च्युइंगगमच्या पुडीत निघणारं बेसबॉल खेळाडूचं छापील चित्र. खांद्यावर बॅट, तोंडभर हसू. पण पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं.

बेसबॉलपटू बक ग्रुनवाल्डला सारा देश ओळखायचा. त्याचा धाकटा भाऊ लायल मोठ्या लीगमध्ये जेमतेम अकरा सामने खेळला, त्याचं कार्डही एकच निघालं. वर्नाने आयुष्यभर तेच जमवलं. एकाच कार्डाच्या चाळीस प्रती, एका वहीत लावलेल्या. त्यातली खिशात ठेवलेली प्रत तिला लग्नाआधी च्युइंगगमच्या पुडीत मिळालेली. पाठीवर गमचा डाग, खाली बकचं अक्षर आणि सही: ‘खरा खेळाडू हा, मी नव्हे.’ ती लायलबरोबर जायची होती. तासाभरात पेटी बंद होणार होती.

“मी प्लॅस्टिकमध्ये कधीच ठेवत नाही गं. मला त्याच्या गालावरून बोट फिरवायचं असतं,” वर्ना म्हणाली.

सकाळपासून पेटीपाशी एकेकटे असे तिघेच थांबले होते: दफनाची व्यवस्था बघणारा ऑरिन, पाद्री टिलमन आणि बकचा मुलगा केंट. नदीनने एकेकाला बाजूला घेतलं. तिघांनीही कानावर हात ठेवले. केंट तर हसलाच. कार्डं म्हणजे पोरखेळ, आपण जन्मात हात लावलेला नाही, म्हणाला.

मग तिने वर्नाने सोबत आणलेल्या वहीतली एक प्रत प्रत्येकाच्या हातात दिली. ऑरिनचा अंगठा थेट लायलच्या नाकावर टेकला. पाद्रीबुवा बोलता बोलता तिनेच वारा घेऊ लागले. केंटने मात्र दोन बोटांनी कडा धरल्या आणि कार्ड उजेडाकडे तिरपं केलं.

“कसं आहे?” नदीनने सहज विचारलं.

“बरंय. खालचा डावा कोपरा दबलाय.”

बोलून गेल्यावर त्याने कार्ड घाईघाईने परत केलं.

“बदली कार्ड उघडंच ठेवलं असतंस तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं,” नदीन म्हणाली. “पण कार्डं विकणाऱ्याचा हात तुझा. पाकिटात घातल्याशिवाय तो कार्ड कुठे ठेवूच शकत नाही. मेलेल्या माणसाच्या खिशातसुद्धा नाही. आता काढ ते.”

केंटच्या कोटाच्या आतून जाड प्लॅस्टिकची डबी निघाली.

“बाबांची सही आहे त्यावर. गिऱ्हाईक ठरलंय,” केंट म्हणाला. “जमिनीत कुजूनच जाणार होतं. काकाला आता काय कळणार?”

नदीनला लांबून पाहिलेलं आठवलं. सकाळी हाच माणूस पेटीवर ओणवा होऊन डोळे पुसत होता. एका हाताने डोळे, दुसऱ्या हाताने खिसा.

वर्नाने डबी उघडली. लायलच्या गालावरून एकदा बोट फिरवलं आणि कार्ड त्याच्या खिशात सरकवलं. मग ती वळली.

“काकू, मी...”

“पेटीला हात लावायचा नाहीस, केंट.”

पेटी उचलणाऱ्या सहांत केंट होता. पेटीची त्याच्या वाट्याची कडी मोकळी राहिली. नदीनने ती डबी पुरावा म्हणून बांधून ठेवली, साबणाने दोनदा हात धुतले आणि येऊन ती कडी धरली.