दूरच्या खुंटीपाशी

"रंग बदलायचा तो आपल्या खुंटीपाशी, सायकाल. दूरच्या टोकाला गाठ मारलीस तर पट्टी वाकडी जाते बघ…"

आईचा हा आवाज मी तिच्या कमरेएवढी असताना ऐकलेला. आता आई नाही. तिनं रंगवलेले लोकरीचे गुंडे आहेत, तांबडे नि पांढरे. आमच्यात नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या तंबूला आवळायचा पट्टा मुलगी स्वतःच विणते, लग्नानंतर होणाऱ्या घरासाठी. उन्हाळी कुरणावरचा तळ हलवून खाली उतरायच्या आत माझा ताणा, पट्ट्याचे उभे धागे, पुरा करायचाच, असं मी ठरवलं होतं.

गवतात दोन खुंट्या ठोकल्या, धागा ताणला… आणि त्यातून एक घोडी सरळ चालत गेली.

"घोडीला डोळे नाहीत?"

"आहेत की. माझेच दुसरीकडे होते," वरचा स्वार म्हणाला. नदीपलीकडच्या तळावरचा एसेन.

"तोडलंस तू, आता जोडणारही तूच."

मग तो गुंडा घेऊन चालू लागला. दूरच्या खुंटीला वळसा, परत माझ्याकडे… रोज दुपारी.

"घोडी रोज इकडेच कशी पळते, पाहुणे?" आंबवलेल्या घोडीच्या दुधाचा, कुमिसचा वाडगा देत माझी वहिनी हसायची. तो कानापर्यंत लाल.

"पट्टा कुणाच्या घराला?" त्यानं एकदा विचारलं.

"धागा सैल सोडू नकोस," मी म्हटलं.

पण रंग बदलायचा आला, की हा दूरच्या खुंटीपाशीच गाठ मारायचा. मी बजावायची, तो मान डोलवायचा, पुन्हा तेच. उलगडा, पुन्हा गुंडाळा!

शेवटच्या दुपारी मी ती गाठ नखानं चाचपली. बारीक, चपटी. विणणाऱ्यांचीच असते तशी.

"तुझी आई विणते?"

"…विणते."

"गाठ तिनंच शिकवली? मग कुठं मारायची, तेही शिकवलं असेल."

तो बुटांकडे बघत राहिला. "चुकलं की तू उलगडतेस. उलगडलं… की मला उद्या यावं लागतं."

"उद्या तळ उतरतोय."

"म्हणून आज दोनदा चुकलो."

वारा ताण्यावरून गुणगुणत गेला. मी तांबडा गुंडा त्याच्या हातात ठेवला.

"इकडे बस. माझ्या खुंटीपाशी. आता नीट बांध."

त्यानं बांधली. गाठ घट्ट बसली.

"कुणाच्या घराला, ते सांगितलंच नाहीस तू," तो मान खाली घालूनच म्हणाला.

मी धागा ओढून पाहिला. सुटला नाही.

"आपल्या," मी म्हटलं.