भिंगासमोरचा श्वास

खरं माना किंवा थापा म्हणा. हे माझ्या सख्ख्या मावशीबरोबर घडलंय, आणि मावशी थापा मारणाऱ्यातली नाही.

रात्रबित्र नव्हती. भर दुपार होती. तळघरातली प्रयोगशाळा, बाकीचे सगळे जेवायला गेलेले.

मावशी आणि काका तिथे एकत्र काम करायचे. टेराहर्ट्झ लहरींनी बंद खोक्याच्या आतलं चित्र काढायचं. या लहरी पुठ्ठ्यातून आरपार जातात, पण वाफेपुढे हात टेकतात. नुसता श्वास आडवा आला तरी पडद्यावरची रेघ खाली येते. म्हणून चालू यंत्रावर वाकताना श्वास धरायचा, हा तिथला नियम. काका पक्के बडबडे. मावशी सारखी दटावायची, "अहो, श्वास धरा जरा!"

काका त्या हिवाळ्यात अचानक गेले. त्यांनी घासून तयार केलेलं सिलिकॉनचं भिंग तेवढं मागे राहिलं. अँटेनावर बसवलं की लहरी एकवटणारं. साहेबांनी बजावलं होतं, "आज स्वच्छ चित्र आलं नाही, तर हे भिंग बाद."

मावशीचा जीव तुटत होता. काकांच्या हातचं आता तेवढंच उरलं होतं.

तिने भिंग बसवलं. लांब जाऊन बसली. मोजणी सुरू केली.

रेघ खाली आली... वर गेली...

पुन्हा खाली... पुन्हा वर...

चित्रावर पट्टे उमटायला लागले.

तिने तारा तपासल्या. दार लावलं. पंखाही बंद. खोलीत चिटपाखरू नव्हतं.

खाली... वर... अगदी संथ.

ती लय मावशीच्या ओळखीची होती. इतकी वर्षं शेजारच्या उशीवर ऐकलेली. तिचे डोळे भरून आले.

"अहो... तुम्ही?"

रेघ एकदम खोल गेली.

पण पट्टे वाढतच होते. साहेब कुठल्याही क्षणी आले असते. सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, श्वास धरा जरा!"

रेघ सपाट झाली.

मोजणी नव्याने लावली. चित्र पूर्ण झालं. खोक्यात ठेवलेल्या ओल्या पानाची शीर न् शीर दिसत होती. मावशी रडता रडता हसली. "झालं हो. सोडा आता."

रेघ सपाटच.

"अहो, सोडा ना..."

भिंग पास झालं. आजही त्या यंत्रावर तेच आहे. मावशी मात्र दुपारी डबा न उघडता त्याच्यासमोर बसून राहते. एकदा मी सोबत होतो. तिने माझा हात घट्ट धरला.

"माझं ऐकून... अजून धरून बसले असतील का रे?"