बारावं खोकं

आमच्या प्रयोगशाळेत माझं काम सरळ होतं. पुठ्ठ्याची खोकी कंपोस्टमध्ये पुरायची, दर बुधवारी उकरून बघायची आणि बाराव्या आठवड्यात सगळं चाळणीतून काढायचं. चाळणीवर काही उरलं की नापास. पुठ्ठा काय, कुजतोच. खरी डोकेदुखी असते ती चिकटवलेल्या सांध्याची.

या खोक्यांना लावलेली खळ माझ्या ताईची होती. बटाट्याच्या स्टार्चची, तीन वर्षं खपून जमवलेली. सगळे तिला चिकटबाई म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. बारा खोकी तिने स्वतःच्या हाताने चिकटवली आणि तिसऱ्या दिवशी झोपेतच गेली. साहेबांनी माझं सांत्वन केलं आणि बजावलंही, "एक जरी खोकं राहिलं ना, तर ही खळ बाद. मग माझा नाइलाज आहे." तिची तीन वर्षं माझ्या चाळणीपाशी येऊन अडली होती.

सहाव्या आठवड्यात अकरा खोक्यांचा लगदा झाला. बारावं जसंच्या तसं. पाणी कमी पडलं असेल, अशी मी नोंद केली. सांधा हाताने उचकटला, पाणी शिंपडलं, पुन्हा पुरलं. पुढच्या बुधवारी सांधा बंद होता. मी स्वतःवरच वैतागलो. म्हटलं, चुकून दुसरंच खोकं उचकटलं असणार. पण दुसरं उरलं होतं कुठे?

मग ब्लेडने कापला, फोटो काढून ठेवला. आठवड्याने सांधा परत बंद. कंपोस्ट इतकं तापलेलं असायचं की हातमोज्यातूनही चटका बसे. तो सांधा मात्र गार.

दहाव्या आठवड्यात मी सांध्यावर अंगठा दाबून पाहिला. आतून कुणीतरी तितक्याच जोराने दाबलं. मी जोर कमी केला. आतलाही कमी झाला.

त्या दिवशी नोंदवहीत काय लिहावं तेच सुचेना. खरं सांगायचं तर ते खोकं कुजायला हवंही होतं मला, आणि नकोही.

चाळणीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर मी खोक्याशेजारी उकिडवा बसलो.

"ताई," मी म्हणालो, "पास व्हायचंय ना तुला? मग सोड आता."

माझी मलाच लाज वाटली. हातमोजा काढून मी सांध्यावरून हात फिरवला. ओला कागद सुटावा तसा आवाज झाला आणि खोकं उघडलं. आत काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाळणीवर कणही उरला नाही.

साहेब धावतच आले. "जिंकलास रे! ताई असती तर नाचली असती तुझी." मला रडूच आलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला.

"बरं, सोड आता," ते हसत म्हणाले.

मग थोडं थांबून, "अरे, हात सोड ना."

आता ते हसत नव्हते.

मी खाली पाहिलं. माझी पाचही बोटं केव्हाची उघडी होती.