तळाला जोडलेला विळा

म्हशाची जत्रा उठली आणि कमळूने फियाटच्या सीटा काढून अंगणात उन्हाला ठेवल्या. रबराची मॅटिंग वर केली, तर खाली त्यानेच अंथरलेलं गोणपाट निघालं. लावणीच्या दिवसांत माणसं चिखलाच्या पायांनी गाडीत बसत, म्हणून गोणपाट. त्या गोणपाटानेच पाणी धरून ठेवलं होतं आणि तळाचा पत्रा खाल्ला होता.

"माझंच शहाणपण," तो पुटपुटला.

उभा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये पत्रा ठोकण्यात गेलेला माणूस. गंज म्हणजे पाणी आणि हवा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मुलगी सारिका मुरबाडच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. तिला आणि नातीला याच गाडीतून पाड्यावर आणायचं, हे त्याने मनाशी धरलं होतं. मागच्या खेपेला जीप सांगितली होती. ओढ्यावरच्या फरशीपुलावर ती बंद पडली, आणि सुरू होईपर्यंत सारिकाच्या मांडीवरचं बाळ गार झालं होतं. बाळाच्या काळजातच दोष होता, असं डॉक्टर म्हणाले. कमळूने ते मानलं होतं. पण या वेळी गाडी आपली हवी, आपल्या हातची.

त्याने तारेच्या ब्रशने तळ घासला, रॉकेलने पुसला, रेड ऑक्साइड मारला. मागच्या डाव्या बाजूला, सारिका बसणार त्याच जागी, भाकरीएवढं भोक होतं. तिथे नवा पत्रा जोडून, गाडी जॅकवर उचलून खालून डांबराचा लेप दिला.

सकाळी तेवढ्याच जागी ओल होती.

गाडीखालची पडवी कोरडी, बाकीचा पत्रा कोरडा. बोट लावून त्याने हुंगलं. शेवाळाचा वास आला. त्याने पुसून काढलं. दुसऱ्या सकाळी नव्या पत्र्यावर तांबूस डाग उमटला, आणि त्याच्या पुढच्या सकाळी दाबल्यावर बोट आरपार गेलं.

"बाबा, एवढ्या टायमात नवी गाडी आली असती," किशोर म्हणाला. तो आसनगावला लोकल धरायला निघाला होता.

"तू तुझा पास सांभाळ."

किशोर हसत गेला. धोंडीबाई मात्र कधीची दारात उभी होती. तिने पदराखालून जुना विळा काढून नवऱ्यापुढे धरला.

"सारिका झाली तवा हा तिच्या उशाखाली होता. मागच्या टायमाला न्यायचा मी इसरले." ती थांबली. "आता हा त्या जागी बसवा."

"गाडीला विळा? मी फिटर हाय गो, भगत नाय."

"मंग फिटरावानी बसवा."

कमळूने विळा हातात घेऊन तोलला. जुनं, घडवलेलं लोखंड, बाजारच्या पत्र्याच्या तिप्पट जाड. जाड लोखंड गंजायला वेळ लागतो, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग मूठ काढली, पातं ठोकून सपाट केलं, भोकावर पुन्हा नवा पत्रा बसवून त्याला ते खालून वेल्डिंगने जोडलं आणि वर डांबर फासलं.

सकाळी ती जागा कोरडी होती. त्याने जाड लोकरीचा नमदा आणि नवी मॅटिंग घातली, सीटा बसवल्या.

दवाखान्यातून निघाले तेव्हा दुपार कलली होती. सारिका मागे डावीकडे, बाळ मांडीवर, शेजारी धोंडीबाई. डांबराचा वास येतोय म्हणून सारिकाने नाक मुरडलं.

"वास सोस, पोरी. तुझ्या बापाचं अत्तर हाय ते," धोंडीबाई म्हणाली.

फरशीवर घोट्याएवढं पाणी होतं. गाडी मध्यावर आली आणि थांबली. इंजिन चालू होतं. गियर पडलेला होता.

खालून कसलासा आवाज आला. ओल्या पत्र्यावर हलकेच तळवा आपटावा तसा.

सारिकाने पाय वर घेतले. "बाबा, खाली कोन हाय?"

"दगड उडतोय."

चाक फिरत नव्हतं.

आवाज पुढून मागे सरकत आला. सारिकाच्या पायांखाली येऊन थांबला.

बाळाचं चुळबुळणं बंद झालं.

मग विळ्याला कानस लावावी तसा एकच चरचरीत आवाज.

गाडीला हिसका बसला आणि ती पलीकडच्या चढावर लागली. बाळाने असा टाहो फोडला की बांधावरचे बगळे उडाले. सारिका रडता रडता हसू लागली. धोंडीबाईने बाळाचे पाय चाचपले, तोंडाला लावले. "गरम हायती गो! आजावर गेली, नुसता भोंगा!"

कमळूने गाडी कडेला घेतली. त्याचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. छातीवर मागची दोन वर्षं बसलेलं काहीतरी उतरलं होतं.

त्या रात्री तो गाढ झोपला.

सकाळी तळ पाहावा म्हणून तो बॅटरी घेऊन गाडीखाली सरकला. मागच्या डाव्या बाजूचं डांबर उडून नवा पत्रा उघडा पडला होता. त्यावर रात्रीतून गंज चढला होता. सलग नव्हे, ठिकठिकाणी, पाच पाच बोटांच्या इवल्या पंजांसारखा. सगळे ठसे विळ्याच्या कडेपाशी येऊन थांबले होते. कडेच्या आत एकही नव्हता.

कमळूने एका ठशावर अंगठा ठेवला. अंगठ्याखाली तो अख्खा झाकला गेला.