पाच सळ्यांचा संच

"तो संच नका घेऊ."

हातातलं चामडी पाकीट तसंच धरून वेंदुलाने वर पाहिलं. टेबलामागे एक उंच, कुरळ्या केसांचा तरुण लसणाच्या सूपचा वाडगा सांभाळत उभा होता. बाहेर ब्रनो शहरातल्या रस्त्यावर एप्रिलच्या गारा पडत होत्या. त्या चुकवायला ती ग्रंथालयाच्या हॉलमध्ये शिरली, आणि आत भरला होता हौशी कुलूपवाल्यांचा मेळावा. चावीवाचून कुलूप उघडायचं, तेही निव्वळ गंमत म्हणून, अशा लोकांचा.

"विकायलाच बसलात ना तुम्ही?" तिने विचारलं.

"मामा बसलेत. ते जेवायला गेलेत म्हणून मी..." तो जरा अडखळला. "त्यात बत्तीस सळ्या आहेत. त्यातल्या सत्तावीस तुम्ही फक्त मैत्रिणींना दाखवाल."

रागवायचं ठरवूनही वेंदुलाला हसू आलं.

त्याचं नाव राडिम. ट्राम दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर. त्याने कापडावर पाचच वस्तू मांडल्या: टोकाला बाक असलेल्या दोन सळ्या, एक नागमोडी, आणि कुलपाच्या गाभ्याला ताण द्यायच्या दोन पट्ट्या. कडेवरून बोट फिरवायचं, कुठे खरखर लागली तर तो संच सोडून द्यायचा. मूठ आपल्या हाताला बरी वाटली पाहिजे. आणि कुलूप स्वतःचंच उघडायचं, तेही दाराला न लावलेलं. हे शेवटचं सांगताना तो एकदम गंभीर झाला, आणि ते तिला फार आवडलं.

"आता पट्टी डाव्या हातात धरून बघा," तो म्हणाला.

वेंदुलाने हात मागे घेतला. मग का कोण जाणे, या अनोळखी माणसाला तिने सगळं सांगून टाकलं. ती नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायची. गेल्या उन्हाळ्यात सायकलवरून काचेवर पडली आणि डाव्या मनगटातली नस तुटली. नस शिवली, पण पहिल्या दोन बोटांना अजून धड काही कळत नव्हतं. बोटांना बारीक कामाला लावा, असं डॉक्टर म्हणाले होते. नाट्यगृहाने तिची खुर्ची जूनपर्यंतच राखून ठेवली होती.

अरेरे, बिच्चारी, असलं तो काही बोलला नाही. त्याने बारीक पट्टी उचलून बाजूला ठेवली आणि जाड, रुंद पट्टी तिच्यापुढे सरकवली.

"ही घ्या. ही जरा मोठ्याने बोलते."

मग दर शनिवारी दुपारी ती या कुलूपवाल्यांच्या मंडळाच्या खोलीवर जाऊ लागली. राडिम समोर बसायचा. ती खसखशीचे गोड पाव आणायची, तो त्यातला मोठा तिच्याकडे सरकवायचा. सळी धरताना कधी त्याची बोटं तिच्या बोटांना लागत... आणि ज्या बोटांना लागत नव्हती, तीही उगाच गरम होत. कुलूप मात्र उघडत नव्हतं. डाव्या हाताला अंदाज नसल्याने ती पट्टी फार जोरात दाबायची, आणि सळीने एकेक करून उचलायच्या आतल्या पिना अडकून बसायच्या.

मेच्या मध्यावर एका शनिवारी ते उघडलं. गाभा सर्रकन फिरला. वेंदुलाने आनंदाने राडिमकडे पाहिलं – तर तो टेबलाकडे बघत होता.

"काय केलंत तुम्ही?"

"पाचातल्या तीन पिना काढल्या होत्या," तो पुटपुटला. "तुमचा चेहरा फार उतरला होता..."

"मला कीव नको होती राडिम. निदान तुमच्याकडून तरी नाही."

कुलूप तिथेच ठेवून ती निघून आली. दुसऱ्या दिवशी तिच्या दाराशी एक पुडकं होतं. त्यात तेच कुलूप, पाचही पिना घातलेलं, आणि चिठ्ठी: 'चुकलो. आता याला मी हात लावणार नाही.'

तीन आठवडे ती त्याच्याशी बोलली नाही. पण कुलपाशी रोज झगडली. एका सकाळी वैतागून तिने व्हायोलिन काढलं. एक सूर असा असतो की तार दाबायची नसते, बोट नुसतं टेकवायचं. जोर दिला की सूर गेला. तो तिला आला नाही. पण तिने व्हायोलिन खाली ठेवलं आणि पट्टीला बोट तसंच टेकवलं. नुसतं टेकवलं... आणि बोटाच्या टोकाशी मुंगी चावावी तसं काहीतरी झालं. ती श्वास रोखून बसून राहिली. पुन्हा झालं. पिन जागेवर बसली होती, आणि ते तिला बोटाने सांगितलं होतं.

जूनच्या पहिल्या शनिवारी मंडळाची नवशिक्यांची स्पर्धा होती. वेंदुला पोहोचली तेव्हा राडिम खिडकीशी उभा होता. तो पुढे आला नाही. नवं, न पाहिलेलं सहा पिनांचं कुलूप तिच्यापुढे आलं. बाकीचे दहा जण खटाखट भिडले. तिने डोळे मिटले. एक, दोन, तीन. चौथी रुसली. तिने जोर काढून घेतला, पट्टी जराशी सैल केली, आणि बोटाला ती बारीक टिचकी स्पष्ट कळली. पाच. सहा. गाभा फिरला.

खोलीत सगळ्यात आधी तिचा हात वर गेला. डावा.

मामांनी टेबल बडवलं, टाळ्या पडल्या, कुणी बिअरचा मग पुढे केला. ती गर्दीतून वाट काढत थेट खिडकीपाशी गेली.

"यात सगळ्या पिना होत्या ना?" तिने विचारलं.

"सहाच्या सहा. मी... मी लांबच उभा होतो."

"दिसलं मला. पुढच्या गुरुवारी नाट्यगृहात माझी परीक्षा आहे. तिथेही लांबच उभे राहणार?"

राडिम तिच्या हाताकडे बघत होता. तिने तोच हात त्याच्या तळहातावर ठेवला, न दाबता, नुसता टेकवून.

"तुझा हात गार पडलाय," ती म्हणाली. "कळतंय मला. दोन्ही बोटांना कळतंय."