दुसऱ्या निरीक्षकाचं नाव

“अकरा फेब्रुवारीला मी अतिदक्षता विभागात होतो. त्या दिवसाचं चित्र मी कसं काढणार?”

अप्पांनी हे इतक्या शांतपणे विचारलं की नाश्त्याच्या टेबलाशी बसलेल्या कोणालाच क्षणभर त्यातली धार जाणवली नाही. जाणवली ती फक्त विभाला. पोह्यांची बशी तिच्या हातात तशीच राहिली. सहा वर्षं ज्या क्षणाला ती भीत आली होती, तो असा, रविवारच्या सकाळी, तिच्याच लेकीच्या तोंडून घरात आला होता.

सावनी पंधरा वर्षांची. परदेशातल्या एका वेधशाळेतून आजोबांना आलेलं इंग्रजी पत्र ती वाचून मराठीत सांगत होती, तशी अडखळतच, कारण जन्मापासून जयपुरात वाढलेल्या तिला मराठीपेक्षा हिंदी जवळची. अप्पांच्या जुन्या ईमेलमध्ये हे पत्र दोन महिने पडून होतं. अप्पांची साइट ज्या कंपनीच्या जागेवर होती ती कंपनी महिनाअखेरीस जुनी पानं कायमची बंद करणार होती. तिची सूचना शोधताना राजनला, म्हणजे विभाच्या नवऱ्याला, हे सापडलं.

अप्पा, म्हणजे राजनचे वडील गोपीनाथराव देवस्थळी, विमा कंपनीतल्या बदलीवर मिरजेहून जयपूरला आले आणि राजा पार्कमधल्या या घरातच स्थिरावले. दोन हजार एक साली त्यांनी ‘आजचा सूर्य’ नावाची मराठी साइट सुरू केली. रोज सकाळी नऊ वाजता ते गच्चीवर दुर्बीण लावायचे, तिच्यातून सूर्याचं बिंब कागदावर पाडायचे, त्यावरचे डाग पेन्सिलीनं टिपायचे आणि ते चित्र दोन ओळींसह साइटवर ठेवायचे. सौरडागांना ते ‘सूर्याची गालबोटं’ म्हणत. एके काळी परभणीपासून गडहिंग्लजपर्यंतच्या शाळांतून त्यांना पत्रं येत, मुलं आपापली चित्रं पाठवत. मग माणसं मोठमोठ्या समाजमाध्यमांच्या जत्रेत निघून गेली, आणि अलीकडे तर प्रश्न विचारला की फोनच उत्तर देऊ लागला. कोणाच्या दारात जायची गरजच उरली नाही. गेल्याच महिन्यात सावनीनं सहज विचारलं तर फोननं सांगितलं होतं की सौरडागांना सूर्याची गालबोटंही म्हणतात. “आजोबा, मतलब, हा शब्द तुमचा आहे ना? मग तुमचं नाव का नाही?” अप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

त्यांच्या लेखी साइट केव्हाच संपली होती. सहा वर्षांपूर्वी पक्षाघातानं उजवा हात गेला, उजव्या डोळ्याची नजर मंदावली, आणि त्या दिवसापासून त्यांनी संगणकाला शिवायचं सोडलं. दुर्बिणीचं नावही घरात कोणी काढायचं नाही, अशी त्यांची ताकीद होती.

“पुढे वाच,” अप्पा म्हणाले.

“ते लिहितात, जगभरच्या अशा हौशी साइट्स बंद पडतायत, म्हणून त्या पुसल्या जायच्या आधी ते सगळ्यांची चित्रं गोळा करतायत. तुमची अठरा वर्षांची नोंद फार मोलाची आहे. पण प्रत्येक माणसाची नजर वेगळी असते, कोणाला डाग कमी दिसतात, कोणाला जास्त. आकडे ताडून बघितल्यावर त्यांना कळलं की दोन हजार एकोणीसपासूनची नजर तुमची नाही. आणि त्याच वर्षीच्या अकरा फेब्रुवारीपासून चित्रावरची दिशेची खूणही दुसऱ्या हाताची आहे.” सावनी थांबली. “दुसरा निरीक्षक कोण, असं विचारलंय. नाव कळलं नाही तर पुढची सहा वर्षं त्यांना धरता येणार नाहीत.”

राजन फोनवर साइट उघडून बघत होता. त्याचा आवाज बदलला. “अप्पा, शेवटचं चित्र कालचं आहे.”

हजारो मैल दूर बसलेल्या, तिला कधीही न पाहिलेल्या माणसांनी नुसते काळे ठिपके मोजून तिची नजर ओळखली होती... विभाला भीतीतही त्याचं नवल वाटून गेलं. तिनं बशी खाली ठेवली.

“मी काढते ती चित्रं, अप्पा.”

“माझ्या नावावर?”

“हो.”

“म्हणजे सहा वर्षं खोटी नोंद.” त्यांनी डाव्या हातानं पुढ्यातली बशी दूर सारली. “नऊ वाजले की तू गच्चीवर पळतेस. मला वाटायचं, म्हाताऱ्याजवळ बसायला नको म्हणून पळतेस. आल्यागेल्याला मी तसं सांगतही होतो. आणि तू तिथे माझं नाव...”

पुढचे शब्द त्यांच्या वाकड्या झालेल्या ओठांत अडकले. विभा त्यांच्या खुर्चीशी खाली बसली. इतक्या वर्षांचं मौन एकदा फुटल्यावर तिला थांबता येईना.

“तुम्ही दवाखान्यात होतात. तिसऱ्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आले. नऊ वाजले होते. तुम्हीच म्हणायचात, नोंद तुटली की निरीक्षक संपला. मला वाटलं, तुम्ही शुद्धीवर याल, विचाराल, आणि मी काय सांगू? म्हणून दुर्बीण लावली. कागदावर बिंब पडलं, अप्पा... एवढी प्रचंड आग, आणि माझ्या तळव्यापेक्षा थोडी मोठी होऊन कागदावर थरथरत होती. एकही डाग नव्हता. मी रिकामं वर्तुळ काढलं. तुम्ही घरी आलात आणि म्हणालात, पुन्हा तो विषय नको. मग सांगायचं राहून गेलं. रोज वाटायचं, उद्या सांगू. त्या वर्षी बहुतेक रोज वर्तुळ रिकामंच असायचं, तरी काढायचे. साइट कोणी बघत नव्हतं, हेही ठाऊक होतं.” ती थांबली आणि हळूच म्हणाली, “पण खरं सांगायचं तर नंतर तुमच्यासाठी काढत नव्हते. मलाच सोडवेना. गेल्या वर्षी मे महिन्यात असा डाग आला, की पंधरा पृथ्व्या ओळीनं मावल्या असत्या. पेन्सिल हातात धरून मी नुसती बघत उभी राहिले. त्या दिवशी तुमचा चहा गार झाला म्हणून तुम्ही रागावलात.”

राजन खाली मान घालून बसला होता. शाळेतली नोकरी विभानं अप्पांच्या शुश्रूषेसाठी सोडली, असंच त्याला वाटत आलं होतं. शाळेची घंटा आठला व्हायची, आणि नऊचा सूर्य तिला शाळेतून दिसणार नव्हता, हे त्याला आज कळत होतं.

अप्पांनी खुर्चीच्या हातावर डावा हात रोवला. मग म्हणाले, “मला वर ने, राजन.”

सहा वर्षांत ते एकदाही जिना चढले नव्हते. एका बाजूनं राजन, दुसऱ्या बाजूनं सावनी, आणि पायरीपायरीवर थांबत ते गच्चीवर पोचले तेव्हा त्यांचा श्वास फुलला होता. विभानं दुर्बीण लावली. तिचे हात कसे चालतात, हे ते एकटक बघत होते. पांढऱ्या कागदावर सूर्याचं बिंब उतरलं. ते तेजाचं वर्तुळ किंचित हलत होतं, जिवंत असल्यासारखं. अप्पांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं. ते त्यांनी पुसलं नाही.

“किती?” त्यांनी विचारलं.

“सात.”

“मला पाच दिसतात.”

तिनं पेन्सिलीच्या टोकानं सहावा दाखवला. अप्पा कागदावर वाकले, खूप वेळ वाकून राहिले, आणि त्यांनी मान डोलावली. मग तिनं सातवा दाखवला. त्यांनी पुन्हा पाहिलं, डोळा बारीक केला, कागद थोडा जवळ ओढायला लावला. शेवटी ते सरळ झाले.

“नाही दिसत. पण आहे. तू म्हणतेस म्हणजे आहे.”

विभानं पदर डोळ्यांना लावला. अप्पा खुर्चीत बसले आणि एकदम काही आठवल्यासारखं म्हणाले, “तुझ्या भावाचं लग्न मिरजेला झालं, तेव्हा तू गेली नाहीस.”

“नाही. नोंद तुटली असती.”

“तुझी आई मला फोनवर म्हणाली होती, आमची मुलगी आम्हाला विसरली. मी म्हटलं, असेलही.” त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. “मी असं म्हणायला नको होतं, पोरी.”

उत्तर त्यांनी तिथेच सावनीकडून लिहून घेतलं. आठ फेब्रुवारी दोन हजार एकोणीसपर्यंतचा निरीक्षक गोपीनाथ देवस्थळी. अकरा फेब्रुवारीपासून विभा देवस्थळी. त्यानंतर माझ्या नावाखाली असलेलं एकही चित्र माझं नाही. चूक झाली ती घरात, आकड्यांत नाही. हेच निवेदन त्यांनी साइटवरही टाकायला लावलं.

वेधशाळेचं उत्तर आठवड्यात आलं. दोन्ही नोंदी दोन नावांनी जपल्या जातील, आणि दुसरी नजर त्यांच्याकडच्या फार थोड्या तीक्ष्ण नजरांपैकी एक आहे, असं त्यात होतं. राजननं दोन सुट्ट्या खर्चून सगळी पानं नव्या जागी हलवली. वाचक काही वाढले नाहीत. निवेदनाखाली चारच प्रतिक्रिया आल्या, त्यांतली एक गडहिंग्लजच्या इंदुबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेची: “हात बदलल्याचं आम्हाला तेव्हाच दिसलं होतं. कोण आहे ते विचारलं नाही, न जाणो विचारलं तर बंद व्हायचं.” विभानं ती ओळ अप्पांना तीनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा त्यांनीच मागितली.

मग अप्पांनी तिचं मिरजेचं तिकीट काढायला लावलं. ती नको नको म्हणत होती. नऊला गच्चीवर कोण जाणार? सावनीची परीक्षा, राजनचं सीतापुऱ्यातलं ऑफिस... अप्पांनी ऐकलं नाही.

मिरजेत पहिल्या सकाळी नऊला सवयीनं तिला उठून उभं राहावंसं वाटलं. आई तिच्या केसांना तेल लावत होती. भावाच्या लग्नापासूनचा अबोला तिनं लेकीला दारात बघताच टाकून दिला होता. विभानं फोन उघडला. साइटवर आजच्या तारखेखाली चित्र नव्हतं, दोनच ओळी होत्या. अक्षरांच्या चुका पाहून कळत होतं की त्या एका बोटानं, डाव्या हातानं, कोणाची मदत न घेता टंकल्या आहेत.

“काय वाचतेस गं?” आईनं विचारलं.

विभानं त्या ओळी आधी मनातल्या मनात वाचल्या. मग मोठ्यानं वाचल्या.

“आज निरिक्षण नाही. निरीक्षक माहेरि गेली आहे.”