चार नंबरच्या मशीनची वायर

चार नंबरच्या मशीनखालून दोन पाय बाहेर आले होते, आणि ते आमच्यापैकी कुणाचेच नव्हते.

मी रिळांची पिशवी दारातच ठेवली. मावशी खिडकीशी बसून काजं करत होती. दोघी शिलाईवाल्या माना खाली घालून हसू दाबत होत्या.

"हे कोण?"

"वायरमन आहे," मावशी म्हणाली. "चार नंबर सकाळपासून रुसलीय ना, बघतोय बिचारा."

"बोलावलं कुणी?"

"कुणी नाही. आपणहून आला."

"दातांच्या डॉक्टरांकडे निघालो होतो," मशीनखालून आवाज आला. "मजला चुकला. दार उघडलं, तर या म्हणाल्या, आलायस तर बघ जरा."

मग तो बाहेर आला. केसांत निळ्या दोऱ्याचे तुकडे, बाहीवर माझ्या खडूची रेघ. डोळे हसरे... हे सगळं मी संशयानेच पाहत होते, हे आधीच सांगून टाकते.

मी आहेच संशयी. आमच्या या एका खोलीत चार मशीन, एक कटिंगचं टेबल आणि एक इस्त्री. शाळेचे गणवेश शिवतो. वर्षापूर्वी एक मेकॅनिक माझी चांगली मोटर काढून जुनी बसवून गेला होता. त्याच्या आधी एक स्थळ आलं होतं. साखरपुडा आठवड्यावर आला असताना मी चौकशी केली, तर नवऱ्या मुलाचं लग्न आधीच झालेलं निघालं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं म्हणतात. मी पाणीसुद्धा फुंकून पीत होते.

त्याच्या हातात जाड पेनाएवढी एक कांडी होती. पुढे टोक, मागून निघालेली वायर, वायरच्या शेवटी चिमटा. त्याने टोक चिमट्याला टेकवलं. लाल दिवा लागला, पीं असा आवाज आला.

"हा तर कशालाच न लावता वाजला," मी म्हणाले.

"आधी यालाच तपासायचं असतं. हा बरोबर असेल, तरच दुसऱ्याबद्दल बोलायचं."

"टेस्टर करंट बघतो ना?"

"तो वेगळा, मॅडम. हा कंटिन्युटी टेस्टर. वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे का, एवढंच सांगतो. प्लग काढूनच वापरायचा." मशीनचा प्लग त्याने काढून वरच ठेवला होता, सगळ्यांना दिसेल असा. "तुमच्या पायडलची वायर आतून तुटलीय. बाहेरून नवीकोरी दिसते, पण आत..."

"दाखवा."

तेवढ्यात वरून डॉक्टरांच्या मदतनीस बाईंची हाक आली. खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसला होता आणि वरचा दिवा लागत नव्हता.

"पुढच्या वेळी दाखवतो," तो घाईघाईने नवी वायर जोडत म्हणाला. चार नंबर घरघरली, चालू झाली. जुनी वायर तो पिशवीत टाकणार, तेवढ्यात मी हात पुढे केला.

"ती इथेच राहील. काढलेला माल गिऱ्हाइकाचा, आमचे बाबा म्हणायचे."

"बरोबर म्हणायचे," तो म्हणाला, आणि वायर नीट गुंडाळून माझ्या हातावर ठेवली. तो गेल्यावर मावशी माझ्याकडे बघत राहिली. मी वायर खणात टाकून खण ढकलून दिला.

'पुढची वेळ' दोनच दिवसांत आली.

"मशीन नीट चालतेय ना, विचारायला आलो."

"बंद पडली असती तर आम्ही हाक मारली असती."

"तुम्ही मारली असती?"

"...मावशीने मारली असती."

मग पंखा आवाज करतो म्हणून येऊ लागला. पंखा खरंच आवाज करत होता, पण तो आवाज त्याला जिन्यातून कसा काय ऐकू आला? स्टुलावर चढून तो पंखा बघायचा आणि मध्येच खाली माझ्याकडे. मी कॉलर कापत असायचे.

"एवढं रोखून कशाला बघता?" एकदा त्याने वरूनच विचारलं.

"काही काढून नेताय का, ते बघतेय."

"नेण्यासारखं पुष्कळ आहे इथे," तो म्हणाला, "पण ते नेलं तर मावशी ओरडतील."

"मावशी कशाला ओरडेल?" मावशी काजातून मान वर न करता म्हणाली. शिलाईवाल्या फिदीफिदी हसल्या, आणि माझी कात्री रेघ सोडून गेली. सहा शर्टांच्या कॉलरी उजवीकडून आखूड झाल्या.

तो मला आवडायला लागला होता. खोटं कशाला बोलू? आणि आवडायला लागला म्हणूनच मनात पाल चुकचुकायला लागली. इतका गोड माणूस इतक्या वेळा फुकट का येतो? वायर खरंच तुटली होती, की येण्याजाण्याला निमित्त हवं म्हणून चांगलीच वायर काढली? दाखवतो म्हणाला होता, दाखवली तर नाहीच. आणि मी विचारलंही नाही. विचारलं की समोरचा सावध होतो, हे मी त्या स्थळावरून शिकले होते.

मी हार्डवेअरच्या दुकानातून तसाच एक टेस्टर आणला. दुपारी सगळ्या जेवायला बसल्यावर खणातली वायर काढली, टेबलावर सरळ ताणून ठेवली. दोन रंगांच्या दोन तारा. एकीच्या या टोकाला चिमटा, त्या टोकाला टोक... पीं. लाल दिवा. दुसरी तार... पीं. लाल दिवा.

दोन्ही तारा सलग. मी बरोबर निघाले होते, आणि बरोबर निघाल्याचं इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

नेमके त्याच संध्याकाळी इमारतीचे सेक्रेटरी आले. जुना वायरमन सोडून गेला होता; सगळ्या इमारतीचं वर्षभराचं काम या नव्याला द्यायचं घाटत होतं. "सगळे बरं बोलतायत," ते म्हणाले. "तुमच्याकडे तर फार येतो म्हणे. तुमचं काय मत?"

"चांगल्या वायरी काढून नव्या घालतो," मी म्हणाले. "माझ्याकडे पुरावा आहे."

दुसऱ्या दिवशी तो दारातच उभा राहिला. आत आला नाही.

"तुम्ही सांगितलंत?"

"हो. वायर धड होती. मी तपासली." मी माझा टेस्टर वर करून दाखवला.

त्याने टेस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला विचारलं नाहीत..."

"चोर विचारल्यावर हो म्हणतो का?"

तो काहीतरी बोलणार होता. पण त्या शब्दावर त्याचं तोंड मिटलं. "नाही म्हणत," तो हळूच म्हणाला, आणि जिना उतरून गेला. मावशीने हातातलं काज अर्धं सोडलं, तिच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्याशी ती धड बोलेनाशी झाली.

चौथ्या दिवशी इस्त्री बंद पडली.

मी प्लग काढला, मागची झाकणी उघडली, टेस्टर लावला. आता काय, मी तज्ज्ञ. पीं. वायर धड. दुसरी तार, तीही धड. मग इस्त्री तापत का नाही?

"सरक," मावशी म्हणाली, आणि इस्त्री माझ्यापुढून उचलून बाजूला घेतली. वायर मानेपाशी वाकली, आणि मी अजून टेकवून धरलेल्या टेस्टरचा आवाज तुटला.

"परत कर," मी म्हणाले.

"काय करू?"

"वायर वाकव. तिथेच."

मावशीने वाकवली. दिवा गेला. सरळ केली, दिवा आला. आतली तार तुटलेली होती. वायर सरळ पडली की तुटलेली टोकं एकमेकांना टेकत होती, वाकली की सुटत होती. इस्त्री करताना वायर सरळ कधी असते? आणि पायडलची तरी?

मी खण उघडला. जुनी वायर काढली, चिमटा लावला, आणि एकेक इंच वाकवत गेले. पायडलच्या टोकापासून चार बोटांवर पीं आवाज बंद पडला.

मी साप साप म्हणून भुई धोपटली होती, आणि घाव बसला होता तो भल्या माणसाला.

"सेक्रेटरींच्या खोलीत आज बैठक आहे," मावशी म्हणाली. चार दिवसांतलं पहिलंच धड वाक्य. "काम दुसऱ्याला द्यायचं ठरतंय. आणि हा आपली शिडी न्यायला आलाय खाली. आता बस मुळूमुळू रडत, नाहीतर ऊठ."

मी वायर आणि टेस्टर घेऊन धावले. खोलीत सेक्रेटरी, दातांचे डॉक्टर, खालचे दुकानदार, सगळे होते. दाराशी शिडीला हात लावून तो.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "वायर खरंच तुटली होती. यांनी खोटं काम केलेलं नाही. मला तपासताच आलं नव्हतं. बघा, सरळ धरली की वाजतो..."

मी टोक टेकवलं. काही नाही. पुन्हा टेकवलं. दिवा नाही, आवाज नाही.

"सरळ धरली तरी वाजत नाही," डॉक्टर म्हणाले. दुकानदार हसले. माझे कान तापले.

शिडी भिंतीला टेकल्याचा आवाज झाला. तो टेबलापाशी आला, माझ्या हातातल्या टेस्टरचं टोक त्याच्याच चिमट्याला लावलं. गप्प.

"हा वाजतच ठेवला होता का?"

"...इस्त्रीला लावून. बराच वेळ."

"बॅटरी गेली." त्याने खिशातून आपला टेस्टर काढला, टोक चिमट्याला टेकवलं, पीं. मग तो माझ्यापुढे धरला. "आधी याला तपासायचं. घ्या. तुम्हीच करा."

मी केलं. सरळ, पीं. वाकवली, गप्प. सरळ, पीं. कुणी हसलं नाही. सेक्रेटरींनी समोरचा कागद उलटा केला आणि त्याला म्हणाले, "शिडी राहू दे इथेच. लागेल तुला."

जिन्यात मी त्याला गाठलं. त्याचा टेस्टर अजून माझ्याच हातात होता.

"मी तुम्हाला चोर म्हटलं," मी म्हणाले. "त्याला माफी नसते, माहीत आहे मला."

"म्हटलंत खरं." तो कठड्याला टेकला. "चार दिवस जेवण गोड लागलं नाही."

"मला चौदा दिवसांपासून लागत नाहीये."

"चौदा? पण भांडण तर..."

"भांडणाच्या आधीपासून."

खाली कुणाचं तरी शटर वर गेलं. मला धीर आला, की सवयच ती, कोण जाणे. "त्या दिवशी मजला खरंच चुकला होता?"

"पहिल्यांदा खरंच चुकला होता."

"आणि नंतर?"

तो नुसता हसला, आणि मान वळवून कठड्यावरची धूळ पुसायला लागला. माझा जुना स्वभाव लगेच जागा झाला. मी चिमटा त्याच्या बोटाला लावला आणि टोक माझ्या बोटावर टेकवून, दुसरा हात त्याच्या हातावर ठेवला.

दिवा लागला नाही. आवाजही नाही.

"वाजत नाहीये," मी म्हणाले, आणि मला खरंच भीती वाटली.

"माणसांतून हा वाजत नाही. हा तारेसाठी आहे." त्याने चिमटा काढला, पण हात काढला नाही.

"मग माणसाचं कसं कळतं?"

"विचारावं लागतं."

एवढ्या वर्षांत मी लोकांचे खिसे पाहिले, मापं पाहिली, त्यांच्या पाठीमागे चौकश्या केल्या. समोर उभं राहून सरळ विचारलं मात्र कुणालाच नव्हतं. खोटं उत्तर मिळेल, ही एक भीती. आणि खरं मिळेल, ही त्याहून मोठी.

"मी... आवडते का तुम्हाला?"

"हो," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. टेस्टर त्याच्या खिशात ठेवून दिला, आणि पुन्हा विचारलं नाही.